ओळखदार म्हणून मी

शेळगावचा तो माणूस पहिल्यांदा आमच्या बारामतीच्या घरी आला तेव्हा त्याच्या अंगावर एमआयडीसीतल्या कंपनीचा निळा शर्ट होता आणि हातात पिशवीभर वांगी. वांगी बघूनच मी सावध झाले. उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. भाजी घेऊन येणारा पालक काहीतरी मागायला आलेला असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"बाई, मी शेळगावचा," तो म्हणाला आणि त्यानं आजोबांचं नाव सांगितलं.

ते नाव मी विसरणं शक्य नव्हतं. शेळगाव माझंही गाव. त्यांचा मळा आमच्या वस्तीला लागून, मधे फक्त ओढा. त्यांची धाकटी मुलगी सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती. सातवी झाली आणि तिला करमाळ्याकडं देऊन टाकली. मी पुढं शिकायला बारामतीला आले, डी.एड. झाले, नोकरी लागली. त्यानंतर तिची-माझी गाठ नाही.

"आत्या तुमच्या वर्गात हुती म्हणं," तो म्हणाला. "तिची ओळख द्यायला इंदापूरला याल का? कुलमुखत्यारपत्र करायचंय. तिच्याकडनं माझ्या नावानं."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. "पण ती तर गेली ना?"

काही वर्षांपूर्वी लासुर्ण्याच्या एका लग्नात शेळगावची बाई भेटली होती. तिनं मला सांगितलं होतं की तुझी ती मैत्रीण वारली. मी मनातल्या मनात तिला निरोपही देऊन टाकला होता.

"न्हाय बाई. तिचं मालक गेलं. आत्या हाय. वरीस झालं, माझ्याकडंच हाय."

त्याची अडचण त्यानं समजावून सांगितली. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर त्याचं आणि आत्याचं अशी दोन्ही नावं लागलेली. आत्याचं नाव तिथं माहेरचं, आधार कार्डावर सासरचं. त्यात तिची बोटं मशीनवर उठत नाहीत, जन्मभर खुरपं धरून रेषाच गेल्या. म्हणून तिला लहानपणापासून ओळखणारे, नात्यातले नसलेले दोन ओळखदार हवेत. एक गावातले म्हातारे तयार होते. दुसरी मी.

"मुखत्यारपत्र कशासाठी पाहिजे?"

"विहिरीवरच्या मोटारीचं नवं कनेक्शन, पिकाची नोंद, तलाठ्याकडची कामं. ह्या वयात तिला सारखं कुठं हिंडवायचं?"

"विकायचंय का काही?"

"छ्या! विकायचं कशाला?" तो हसला. माझा प्रश्न पुरता होण्याआधीच हसला, असं मला वाटलं.

तब्येत कशी आहे विचारलं तर "बरी हाय" एवढंच म्हणाला. मसुदा दाखव म्हटलं तर म्हणाला, दस्त लिहिणाऱ्याकडं आहे. मी येते म्हणाले, कारण नाही म्हणायला कारण सापडेना. पण तो गेल्यावर मन थाऱ्यावर राहीना. मेलेल्या बाईच्या नावानं दुसरीच म्हातारी उभी केल्याच्या गोष्टी मी पेपरात वाचलेल्या. बोटं उठत नाहीत, नाव जुळत नाही, नवरा नाही, मूलबाळ नाही, आणि ओळख द्यायला पन्नास वर्षांत तोंड न पाहिलेली मी. सगळं फारच जुळून आलेलं होतं. वांगी मी दुसऱ्या दिवशी केली, तीही नको नको म्हणत.

ठरलेल्या दिवशी एसटीनं इंदापूरला निघाले. वाटभर एकच विचार होता की तिला ओळखायचं कशावरून? सातवीतली पोरगी डोळ्यांपुढं होती, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. आता दात असतील नसतील. विळ्याचे वण असतील, पण ते तर शेतातल्या प्रत्येक बाईच्या हातावर असतात. मग एक गोष्ट आठवली, जी तिच्या-माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. घरातले देव गेले, पण गावाच्या मनातला ओढा तसाच राहिला. तिचं घर माळकरी. मासळीचा वास आला तरी तिची आई पदर नाकाला लावायची. आणि ही पोर शाळा सुटली की आमच्या परड्यातल्या दाराशी येऊन बसायची आणि माझ्या आईनं तव्यावर परतलेली सुकट भाकरीच्या तुकड्यात दडवून खायची. मग ओढ्यात तोंड धुऊन, कडुलिंबाचा पाला चावून घरी जायची. हे कळलं असतं तर दोन्ही घरांत भांडण पेटलं असतं. आम्ही कुणालाही बोललो नव्हतो. हेच विचारायचं, मी ठरवलं.

नोंदणी कार्यालयाच्या आवारात ती गाडीच्या मागच्या सीटवर बसली होती. स्वच्छ नऊवारी, डोक्यावरून पदर, केसांना तेल. मी शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला.

"ओळखलंस का मला?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी नर्सबाई का? मला सुई नगं."

मी माझं नाव सांगितलं. शाळेचं सांगितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. पुतण्या पुढच्या दाराशी उभा होता. तो लिहिणाऱ्याशी बोलायला वळला तसं मी तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आमच्या परड्यात बसून काय खायचीस, आठवतंय?"

"पेढं," ती म्हणाली.

ही ती नव्हे, असं मनानं घेतलं. आता आत जाऊन नोंदणीच्या साहेबांना स्पष्ट सांगायचं, का गुपचूप एसटी धरायची, एवढंच ठरवायचं बाकी होतं.

तेवढ्यात पुतण्या मसुदा घेऊन आला. मी तो हातातून घेतला आणि बाकावर बसून वाचायला लागले. सुरुवातीला पिकाची नोंद, वीज, पाणी, तलाठी हे सगळं होतं. तिसऱ्या पानावर होतं, 'सदर मिळकत विक्री करणे, गहाण देणे, खरेदीखत लिहून देणे व त्यावर सही करणे.'

"हे काय आहे?" मी बोट ठेवून विचारलं.

"ते छापीलच असतंय बाई," तो म्हणाला. "लिहिणाऱ्याकडं तयार असतंय, नावं तेवढी बदलत्यात."

"मग खोडायला सांग."

"आता टायपिंग झालंय की. मी काय इकायला लागलोय का?"

त्याच्या आवाजात राग होता की अडकलेला माणूस असतो तशी घाई होती, मला आजही नक्की सांगता येणार नाही. लिहिणाऱ्यानं मधेच म्हातारीला टेबलाशी बोलावलं, सही येते का बघायला तिच्यापुढं पेन आणि कोरा कागद सरकवला. तिनं पेन उचललं. डाव्या हातानं. आणि मनगट आत वळवून, पेनचं टोक स्वतःच्या छातीकडं करून कागदाच्या कोपऱ्यात नुसत्या रेघा ओढत बसली.

मी उभीच राहिले. डावखुऱ्या बायका पुष्कळ असतील. पण तो हात असा उलटा वळवणारी मी आयुष्यात एकच पाहिलेली होती. आमचे गुरुजी तिच्या डाव्या हातावर पट्टी मारायचे, म्हणून तिनं पाटी लपवत लिहायची ही तऱ्हा काढलेली. ती हीच होती. जिवंत होती. आणि तिला काहीच आठवत नव्हतं.

माझा संशय तसाच राहिला, फक्त त्याचं तोंड फिरलं. माणूस खरा होता, पण भान नव्हतं. आणि हे पुतण्याला माहीत असणारच. वरीसभर घरात असलेल्या बाईचं डोकं चालत नाही हे त्याला कळलं नसेल? "बरी हाय," म्हणाला होता.

आत साहेबांनी तिला समोर बसवलं. शांत माणूस होते, चष्म्यावरून बघायचे. मला विचारलं, "यांना ओळखता?"

"ओळखते. लहानपणापासून."

"आजी, वडिलांचं नाव?"

ती पंख्याकडं बघत राहिली.

"हे शेजारी कोण उभे आहेत?"

"आमचं धाकलं दीर," ती पुतण्याकडं बघून म्हणाली आणि पदर आणखी पुढं ओढला.

"हा कागद कशाचा आहे, ठाऊक आहे?"

"रेशनचा न्हवं?"

साहेबांनी कागद मिटले. "हे होणार नाही. आपण कुणाला काय देतोय हे ज्याला कळत नाही, त्याचं मुखत्यारपत्र कायद्यात बसत नाही. मला नोंदणी नाकारावीच लागते."

पुतण्याचा चेहरा पडला. तो लिहिणाऱ्याकडं गेला आणि दोघांची हळू आवाजात बोलणी सुरू झाली. माझ्याकडं म्हातारीला हात धुवायला नेण्याचं काम आलं. इमारतीच्या मागं नळ होता. मी तिचा दंड धरून चालत होते. नळाशी पोचलो, तिनं मागं वळून बघितलं, आणि माझं मनगट असं घट्ट धरलं की मला कळ आली.

"सुकट," ती म्हणाली. "तव्यावरची. तुझी आय लसूण घालायची."

मी तोंड उघडणार तोच तिनं मनगट दाबलं.

"येडी न्हाय मी. बोलू नगंस. हात धुतल्यागत कर."

मी नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती भराभरा बोलली. नवरा गेल्यावर दिरानं असाच कागद आणला होता. "म्हणला, वैनी, तुमाला सारखं तालुक्याला हेलपाटं कशाला, हितं सही करा. केली. सा महिन्यानं रानात गेले तर दुसऱ्याचाच ट्रॅक्टर चाललेला. तवापास्नं कागद म्हणलं की माझ्या अंगावर काटा येतोय."

"मग पुतण्याला नाही म्हणायचं."

"कुठल्या तोंडानं म्हणू? त्याच्या घरात खाती मी. त्यानंच मला तिकडनं आणलं, कुणी इचारत नव्हतं तवा. न्हाय म्हणलं तर त्याला वाटंल आत्या आपल्याला चोर समजती. म्हणून कागदाचं नाव निघाल्यापास्नं मी इसरायला लागले."

"किती महिने?"

"झालं की सा म्हैनं." ती जवळजवळ हसली. "तू येणार कळलं तवा भ्या वाटलं. वाटलं, तुझ्याम्होरं माझं सोंग टिकायचं न्हाय."

पुतण्याची हाक आली. तिचा चेहरा माझ्यासमोर, दिवा मालवावा तसा, रिकामा झाला. "नर्सबाई, पाणी लई गार हाय," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत मी कुणावर रागवावं हे मला कळत नव्हतं. पुतण्यावर संशय घेतला होता, पण फसवत होती ती. आणि आता त्या फसवणुकीत मीही होते. साहेबांसमोर मी खोटं बोलले नव्हते. पण नळावरून परत येऊन खरंही सांगितलं नव्हतं. वर असंही वाटे की तिनं तरी मला सगळं खरं सांगितलं कशावरून? सहा महिने घर फसवणारी बाई मला एका नळावर खरं सांगेल? ती सुकट मात्र खरी होती.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी पिशवी नव्हती.

"बाई, एका वकिलानं सांगितलं, मुखत्यारपत्र होत नसंल तर कोर्टात अर्ज करायचा. आत्याला कळत न्हाय असं ठरलं की पालक म्हणून माझी नेमणूक हुती. मग तिच्या सहीची गरजच न्हाय." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "डॉक्टरचा दाखला काढतोय. तुमी फकस्त एवढं लिहून द्या, का बालमैत्रीण असून तिनं तुमाला वळखलं न्हाय. तुमी सवताच बघितलं की."

मी कागद उघडला नाही. तिनं स्वतःला वाचवायला जे सोंग घेतलं होतं, तेच आता तिच्या गळ्यात येत होतं, आणि माझी साक्ष त्याला गाठ मारणार होती.

"ही कल्पना वकिलाची का तुझी?" मी विचारलं.

"वकिलाची." मग थोडं थांबून म्हणाला, "बाई, तुमचा माझ्यावर इस्वास न्हाय, मला दिसतंय. पर तिला अशी बघून मला काय आनंद हुतोय का?"

विचार करून सांगते म्हणाले. तो गेल्यावर लगेच पायात चपला घातल्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी बारामतीच्या कोर्टात वकिली करते. तिच्यापुढं नावं न घेता सगळं मांडलं.

"बाई, शहाण्या माणसानं दिलेला अधिकार तो माणूस परत काढून घेऊ शकतो," ती म्हणाली. "रद्द केल्याचा लेख करायचा, नोंदवायचा, मुखत्याराला नोटीस द्यायची, झालं. पण कोर्टानं एकदा तिला भान नाही असं ठरवलं की तिच्या बोलण्याला वजन उरत नाही. पालकाला काही विकायचं असेल तर कोर्टाची परवानगी लागते, खरं. पण त्या वेळी हिचं कोण ऐकणार?"

"मग तिनं काय करावं?"

"शहाणं व्हावं. आणि द्यायचंच असेल तर विशेष मुखत्यारपत्र द्यावं. कामं एकेक करून लिहायची. जे लिहिलं नाही ते मुखत्याराला करता येत नाही. ती गेली की तो अधिकारही संपतो. फक्त मसुद्यात 'मोबदला पोचला' किंवा 'कधीही रद्द न होणारे' असे शब्द दिसले तर सही करू देऊ नका. पुढं रद्द करायला भांडावं लागेल."

मी ते वहीत लिहून घेतलं. निघताना ती म्हणाली, "बाई, एक विचारू? ती खरंच शहाणी आहे, याची तुम्हाला खात्री आहे ना?"

हो म्हणायला मला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी शेळगावला गेले. त्याला कळवलं नव्हतं. अचानक गेलं की घर खरं दिसतं, असा माझा हिशेब. त्याची बायको अंगणात मिरची निवडत होती, शेजारी माझी मैत्रीण बसलेली. कपडे धुतलेले, गोळ्यांची डबी हाताशी, पायाला मलम लावलेलं. सूनबाईनं तिला आधी चहा दिला, मग मला. मी दोष शोधायला आले होते आणि मला एकही सापडला नाही. त्यामुळं मी जास्तच अस्वस्थ झाले. पाहुणी आली म्हणून चांगलं वागणारी माणसंही असतात, असंही मनात आलं. मग माझी मलाच लाज वाटली.

मी म्हणाले, हिला जरा बांधावर फिरवून आणते. विहिरीच्या पलीकडं पोचल्यावर तिला कोर्टाचं सांगितलं.

ती मटकन खाली बसली. "म्हंजी मी येडी ठरली तर त्याला माझी सहीच लागायची न्हाय?"

"नाही."

"आन मी नंतर म्हणलं, मी शाणी हाय, तर?"

"सगळे येडे असंच म्हणतात, असं म्हणतील."

ती ढेकळं फोडायला लागली. मग म्हणाली, "पर आता शाणी कशी हू गं? सा म्हैनं झालं, ती पोरगी माझी वेणी घालती. माझ्या तोंडात घास घालती. तिला काय वाटंल?"

मी तिला वही दाखवली, विशेष मुखत्यारपत्राचं समजावून सांगितलं. नाही म्हणायची गरज नाही, मोजकं हो म्हणता येतं, हे तिच्या गळी उतरायला वेळ लागला. तिला शंकाही फार. त्यानं नंतर कागदात ओळ वाढवली तर? नोंदवलेल्या कागदाची प्रत कार्यालयात असते. त्यानं दुसरा कागद केला तर? तुझ्या सहीशिवाय होत नाही. शेवटी तिनं विचारलं, "आन तुला त्यानं वांगी दिली हुती, तू त्याच्या बाजूनं न्हाय ना?"

मला हसू आलं आणि रागही. "मी कुणाच्याच बाजूनं नाही."

पुतण्या पहिल्या पाळीवरून चारच्या सुमारास आला. मोटारसायकल लावून मला बघितलं, जरा थबकला. आम्ही ओसरीवर होतो. मैत्रिणीनं पदर मागं सारला.

"बस रं," ती म्हणाली. "मी तुज्या बाची धाकली भण. तुजं बारसं ह्याच ओसरीवर झालं. कोर्टाचं मला कळलंय. मला समदं कळतंय. पयल्यापास्नं."

सूनबाई ताट घेऊन उंबऱ्यातच थांबली. तो बसला नाही. आधी आत्याकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"बाई, तुमाला म्हाईत हुतं?"

"इंदापुरात कळलं."

"आन तुमी मला दारात बसवून इचार करून सांगती म्हणालात." तो आत्याकडं वळला. "आत्या, मी इचारलं असतं तर न्हाय म्हणायचं हुतंस. मी काय घराभायेर काढणार हुतो?"

"दिरानं काढलं," ती म्हणाली.

"मी दीर हाय का?"

सूनबाई ताट ठेवून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं, आता ही बाई इथं राहणं संपलं. आपण तिला कुठं न्यायचं? आमच्या दोन खोल्यांत ती राहील का?

तो पायरीवर बसला, बूट काढले. ते बाजूला सारून म्हणाला, "सा म्हैनं येडी समजून सांभाळली. आता शाणी हाय म्हणून हाकलू का?" मग बायकोला हाक मारली, "च्या टाक गं. आत्याला साखर कमी."

मी विचारायचं ते विचारलंच. "मग ती विक्रीची ओळ?"

"छापील हुती," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता.

नवा मसुदा माझ्या विद्यार्थिनीनं लिहिला. वीज जोडणी, पिकाची नोंद, पाण्याचा अर्ज, तलाठ्यापुढची कामं. आणि शेवटी स्पष्ट, की विक्री, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा यांचा अधिकार दिलेला नाही. इंदापूरला पुन्हा तेच साहेब. त्यांनी तिला ओळखलं. डॉक्टरचा दाखला मागितला, तो आम्ही नेला होता, पण आता उलटा, भान ठीक असल्याचा. साहेबांनी पुतण्याला बाहेर जायला सांगितलं आणि तिला वडिलांचं नाव विचारलं. तिनं वडिलांचं, आजोबांचं, मळ्याचा गट नंबर आणि चारी बाजूंच्या शीवदारांची नावं सांगितली.

"मागच्या वेळी काय झालं होतं आजी?"

"तवा जरा बरं न्हवतं," ती म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या फलकाकडं बघत राहिले. मग त्यांनी मसुदा तिला मोठ्यानं वाचून दाखवला, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीला ती "व्हय" म्हणाली. विक्रीचा अधिकार नाही, या ओळीला दोनदा म्हणाली. डावं मनगट वळवून तिनं सही केली, गावातले म्हातारे आणि मी ओळखदार म्हणून खाली आमच्या.

मूळ कागद कुणाकडं ठेवायचा, यावरून आवारात थोडी ओढाताण झाली. कामं त्याची, तर कागद त्याच्याकडं असावा, असं त्याचं म्हणणं. तिनं तो पदराखाली धरला आणि गाडीत बसायच्या आधी माझ्या पिशवीत घातला. तो बघत होता.

उन्हाळ्यात त्याचा फोन आला. मोटारीच्या कनेक्शनसाठी मूळ कागद दाखवायला सांगतायत, झेरॉक्स चालत नाही. येऊन घेऊन जाऊ का? मी म्हणाले, मीच येते. वीज कार्यालयात मी कागद टेबलावर ठेवला, एक बोट त्यावर ठेवूनच. तिथल्या साहेबांनी बघितला, शिक्का मारला, परत दिला. खरोखरच कनेक्शनचंच काम होतं. बाहेर आल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला आणि आत्या आता सकाळी स्वतःची वेणी स्वतःच घालते, असं सांगितलं. सूनबाई अजून नीट बोलत नाही म्हणाला, पण जेवायला हाक मारते.

"बाई," ग्लास ठेवताना त्यानं विचारलं, "तुमाला अजून वाटतंय का, मी इकणार हुतो?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मला स्टँडवर सोडलं, गाडी लागेपर्यंत उभा राहिला. एसटीत बसल्यावर मी पिशवीत हात घालून कागद आहे का बघितला, आणि मग फोन काढून त्या गटाचा सातबारा उघडला. दोन्ही नावं जागेवर होती.